बोटीवर माणसं दोन

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. होडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर उंच डोलकाठी आणि फुगलेलं शीड आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. तो सगळा थाट आमच्या मोठ्या बोटीचा. मी तिच्या मागे दोराने बांधलेली, दोन माणसं आणि चार पिशव्या मावतील एवढीच. मोठी बोट किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभी राहते, आणि तिथून माणसांची ने-आण करायची मी. कौतुक तिचं, हमाली माझी. असो. तक्रार करायला बसले तर दिवस पुरायचा नाही.

मला एका सुताराने बनवलं. तो आमच्या मालकीणबाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. पातळ फळ्या वाफवून, हळूहळू वाकवून त्याने मला आकार दिला आणि शेवटी विचारलं, "ताई, रंग कोणता?"

घड्याळजी, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले, "राखाडी दे. मळत नाही."

"मळली तर धुवू," वहिनी म्हणाल्या. "पण गर्दीत हरवली तर काय करणार आहात? पिवळी कर रे."

अशी मी पिवळी झाले. खरं तर मलाही तेच हवं होतं.

घड्याळजींनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, मग दुकान बंद करून दोघं समुद्रावर राहायला आली. नकाशे, नांगर, शिडं हे खातं घड्याळजींचं. माणसांचं खातं वहिनींचं. किनाऱ्यावर जाताना वल्ही वहिनींच्या हातात असत, आणि घड्याळजी मागच्या फळीवर पिशव्या सांभाळत गुपचूप बसत. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. त्यांच्या वाटचंही वहिनीच बोलत. धक्क्यावर पोचेपर्यंत त्यांची तिघांशी ओळख झालेली असे. लोक मला लांबून पाहूनच ओरडत, "वहिनी आल्या!" तेव्हा मला आभाळ ठेंगणं वाटे.

दरवर्षी एका शांत खाडीत लांबवर भटकणाऱ्या बोटींचं संमेलन भरतं. वर्षभर ज्यांना लाटांशिवाय शेजार नसतो, अशी माणसं तिथे काही दिवस शेजारी शेजारी नांगर टाकतात. तिथले रिवाजही वेगळे. बोलावल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या बोटीवर चढत नाही. आपल्या होडीत उभं राहून बोटीवर टकटक करायची आणि वाट पाहायची. रोज सकाळी रेडिओवर हजेरी होते. बोटीचं नाव आणि बोटीवर माणसं किती, एवढंच सांगायचं. वाऱ्यापावसात शोधायची वेळ आली तर किती जणांना शोधायचं ते ठाऊक असावं, म्हणून. आणि शेवटच्या संध्याकाळी आम्हा सगळ्या होड्यांचा मेळा जमतो. खाडीच्या मधोमध होड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. गाठ कुणी मारत नाही, प्रत्येकाने शेजारच्या होडीचा दोर फक्त हातात धरायचा. वर्षातून तेवढा एकच दिवस मला माझ्यासारख्या दुसऱ्या होड्या भेटत.

मग वहिनींना खोकला लागला. तो जाईचना. त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा पहिल्यांदाच वल्ही घड्याळजींनी घेतली आणि वहिनी मागच्या फळीवर बसल्या. काही दिवसांनी मी धक्क्यावरून परत आले, तेव्हा घड्याळजी एकटेच होते.

त्यांनी मला उचलून बोटीवर पालथं घातलं आणि करकचून बांधून टाकलं. वर्षभर मी तशीच पडून होते. सामान भरायला घड्याळजी एखादं खोल बंदर गाठून मोठी बोटच धक्क्याला लावत. ऊन खाऊन माझ्या रंगाचे पोपडे निघाले, फळ्या सुकून भेगा पडल्या. खालून मला त्यांची पावलं ऐकू येत. दिवसचे दिवस ते एक शब्द बोलत नसत. मग अचानक, कुणाला तरी सांगावं तसं म्हणत, "वारा पडला गं." आणि पुन्हा गप्प होत. मित्रांनो, त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. त्यांना किती वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

यंदा गोडं पाणी संपत आलं म्हणून आम्ही त्या खाडीत शिरलो. निदान घड्याळजी स्वतःला तसं सांगत होते. इथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, पाणी आणायला माझ्याशिवाय चालणार नव्हतं, म्हणून मला सोडलं आणि बोटीमागे बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी सुरू झाली. हजेरी घेणारे पूर्वी बसचे कंडक्टर होते, त्यांना सगळे हजेरीमास्तर म्हणत. "चला, पुढे सरका! पिवळ्या होडीवाले, माणसं किती?"

"दोन," घड्याळजी म्हणाले.

इतक्या वर्षांची सवय हो. जिभेवरून निसटलं. लगेच "चुकलं" म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं. पण पलीकडून हजेरीमास्तर ओरडले, "वा! वहिनी आल्या रे!" आणि घड्याळजींनी रेडिओच बंद केला.

पाणी भरून निघून जायचं, तर वारा नेमका खाडीच्या तोंडातून आत यायला लागला. निघणार कसे? मग टकटक सुरू झाली. पहिल्या आल्या डॉक्टरताई. आयुष्यभर लोकांचे दात काढून आता एकट्या जग फिरणाऱ्या, वहिनींच्या जिवाभावाच्या मैत्रीण.

"वहिनी! अहो वहिनी, मी आलेय!"

"झोपलीये ती," आतून घड्याळजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जरा बरं नाहीये." त्यानंतर नुसतेच गप्प बसू लागले. पण डॉक्टरताई रोज यायच्या, हाक मारायच्या, वाट पाहायच्या. इतरही यायचे. बोटीवर चढायची सोय नाही, म्हणून वहिनींसाठी आणलेलं माझ्यात ठेवून जायचे. सूपचा डबा, लिंबं, विणलेली टोपी. सगळे गेले की घड्याळजी ते उचलून आत न्यायचे. टोपी हातात धरून बराच वेळ बसायचे.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी डॉक्टरताई म्हणाल्या, "घड्याळजी, उद्या मेळ्याला वहिनींना आणा. चालवत नसेल तर आम्ही उचलून आणू. माझ्या शेजारची जागा मी कुणाला देणार नाहीये."

आणि नेमका त्याच मेळ्याच्या दिवशी वारा फिरला. वाट मोकळी झाली. घड्याळजी घाईघाईने नांगर ओढू लागले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा पालथं पडायचं. निम्मी साखळी वर आली आणि ते थांबले. का थांबले, मला काय ठाऊक! मी होडी आहे, ज्योतिषी नाही. त्यांनी साखळी परत सोडली, माझ्यात उतरले आणि वल्ही घेतली.

वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते आणि तोंड मागे. म्हणजे समोर मागची रिकामी फळी, आणि पाठीमागे सगळा मेळा. आम्ही जवळ गेलो तसे हसण्याबोलण्याचे आवाज एकेक करून बंद झाले. माझ्यात एकच माणूस आहे हे सगळ्यांनी पाहिलं होतं. घड्याळजी मात्र वळलेच नाहीत.

"वहिनी?" डॉक्टरताईंनी विचारलं.

"दोन नाही, एकच," ते रिकाम्या फळीकडे बघत म्हणाले. "माझ्या बोटीवर माणूस एकच आहे. ती गेली. गेल्या वर्षीच गेली."

"अहो, मग इतके दिवस आम्ही..." हजेरीमास्तर बोलू लागले.

"तुम्ही गप्प बसा हो!" डॉक्टरताई म्हणाल्या. मग त्या घड्याळजींकडे वळल्या. "मी रोज हाका मारत होते. तुम्ही आत बसून ऐकत होतात?"

"ऐकत होतो."

"मग सांगितलं का नाहीत?"

घड्याळजी आता वळले. "सांगितलं असतं, तर तुम्ही हाक मारायचं थांबवलं असतं. वर्षभरात तिला कुणी हाक मारली नव्हती, ताई."

प्रवाह मला मेळ्यापासून लांब नेऊ लागला होता. डॉक्टरताईंनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "दोर द्या. वाहत चाललात." घड्याळजींनी दोर दिला. मग एकेकजण वहिनींच्या गोष्टी सांगू लागला, आणि अंधार पडेपर्यंत ते ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी बोटी आपापल्या दिशेने गेल्या. आम्हीही निघालो. एकटेपण संपलं, असं मी म्हणणार नाही. खोटं बोलून मला काय मिळणार? समुद्र तेवढाच मोठा आहे. मलाही रंग हवाय, भेगा बुजवायला हव्यात, आणि ते काम कधी निघेल देव जाणे. पण माझं जाऊ द्या. मित्रांनो, गेलेल्या माणसाचं नाव एकट्या राहिलेल्या माणसासमोर घ्यायला तुम्ही बिचकता. त्याला दुःख होईल म्हणता. घ्या हो नाव, न बिचकता घ्या. तो तेवढ्यासाठीच कान लावून बसलेला असतो.