साठातले सत्तावन्न

माझ्या थोरल्याची एक खोड मला मुळीच खपत नाही. टेबलामागे कोणी बसलेलं दिसलं की याचे हात आपोआप जोडले जातात. मागे साहेब आहे की शिपाई, हे बघायचंसुद्धा नाही. टेबल असलं की झालं.

त्याच्या लेकीच्या, आमच्या भिंगरीच्या, पहिलीच्या प्रवेशासाठी दोन महिने तो शाळेच्या कारकुनापुढे असाच उभा राहत होता. प्रतीक्षा यादीत तिचा नंबर चौथा. दर आठवड्याला कारकून सांगायचा, "यादी वर गेलीये हो, फक्त सही राहिलीये. कळवू." आणि हा हसत घरी यायचा. "आई, झालंच समज. फक्त सही राहिलीये!"

मी तीस वर्षं शिलाई मशीन चालवते. "फक्त काजं-बटणं राहिलीत, उद्या या," असं मी गिऱ्हाइकाला सांगते, तेव्हा त्याच्या कापडाला अजून कात्रीही लागलेली नसते. मला कोण सांगतोय सही राहिलीये म्हणून!

सोमवारी शाळा उघडणार, आणि गुरुवार उजाडला तरी सही राहिलेलीच. दुसरी शाळा दोन बस बदलून. एवढीशी पोर कशी जाणार, म्हणून नवराबायकोचं तिला वर्षभर घरी बसवायचं घाटत होतं. वर्षभर! माझ्या टेपवरचे आकडे बघून शंभरापर्यंत मोजणारी पोर घरी बसून काय माझी रिळं गुंडाळणार?

"मी जाते शाळेत," मी म्हटलं.

"तू नको गं आई. त्यांचे गणवेश तू शिवतेस, मुख्याध्यापिका बाई चिडल्या तर ते कामही जाईल. शिवाय..."

"शिवाय काय?"

"तिथे सगळी शिकलेली माणसं असतात."

सूनबाई कपडे वाळत घालत होती, तिच्या हातातला चिमटा हातातच राहिला. मी दुसरीपर्यंत शिकले. सही येते, आकडे येतात. बाकी शाळेने माझं काही बिघडवलं नाही.

हा कामावर गेला आणि मी माप-वही काखेत मारून निघाले.

या वहीचं सांगायला हवं. प्रवेश झाला की शाळा प्रत्येक मुलाला मापासाठी माझ्याकडेच धाडते. मुलांची नावं मी लिहीत नाही. जोडाक्षर आलं की माझं गाडं अडतं. मी चित्र काढते. दोन वेण्या, चष्मा, हनुवटीवर तीळ. पुढे छाती, कंबर, उंची. पहिलीची साठ चित्रं होती आणि त्यातल्या तिघांवर फुली. दोघं जुळे, त्यांच्या बापाची बदली झाली. तिसरी फेंगड्या पायांची. तिची आई स्वतः सांगून गेली, "शिवू नका, आम्ही दुसऱ्या शाळेत घातलं."

कारकुनाने मला बघितलं. "काकू, गणवेश आणलेत?"

"नाही. जागा मोजायला आले."

"पहिली भरली. साठच्या साठ."

"मग त्यातली तिघं काय उघडी बसणार वर्गात? मी सत्तावन्नच शिवलेत."

त्याचं पेन थांबलं. मला बाईंच्या खोलीत बसवून त्याने आधी माझ्या लेकाला फोन लावला. म्हणे आईला घेऊन जा.

मुख्याध्यापिका बाईंनी वही चाळली, फुल्या बघितल्या आणि दार लोटून घेतलं. मग आवाज एकदम मऊ. "हे बघा, विश्वस्तांकडून ऐन वेळी कोणी ना कोणी येतं, म्हणून तीन जागा ठेवाव्या लागतात. पण तुम्ही आपल्यातल्याच. तुमच्या नातीला आजच घेऊन टाकते. फक्त बाहेर बोलायचं नाही."

तेवढ्यात थोरला धापा टाकत आत. शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच. "उपकार झाले, मॅडम!"

"नाही," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"माझ्या नातीच्या पुढे तीन पोरं आहेत आणि जागाही तीन आहेत. त्यांना फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

"मग तुमची नात राहील. कळतंय ना?"

"तीनपर्यंत मोजता येतं मला."

"आई, वेड लागलंय का तुला? देताहेत त्या!"

"दार लावून देताहेत. उद्या एखादी आई दुकानात येऊन विचारेल, तुमच्या नातीला कसं मिळालं हो? कुठल्या तोंडाने तिच्या पोराचं माप घेऊ?"

बाई ताठ झाल्या. "गणवेशाचं काम आम्ही दुसऱ्या कोणालाही देऊ शकतो."

"द्या की. सोमवारपर्यंत सत्तावन्न शिवून देणारा शोधा. आणि त्याच्याकडे गेलात तरी त्या तीन फुल्या माझ्याच वहीत राहतील. आयाबाया रोज दुकानात येतात, वही उघडीच असते."

बोलले खरी, पण मन भिंगरीकडेच होतं. भिंगरी सकाळीच रिकामं दप्तर पाठीला लावून घरभर फिरत होती.

बाईंनी कारकुनाला हाक मारली. "यादी आणा. फोन आणा."

पहिल्या फोनवर एक आई अशी किंचाळली की कारकुनाने फोन कानापासून लांब धरला. दुसऱ्यावर एका बापाने तीनदा विचारलं, "चेष्टा नाही ना करत?" तिसरा फोन वाजत राहिला. थोरला डोकं धरून बसला. मी पदर घट्ट आवळला आणि भिंतीवरच्या नकाशातले रंग मोजायला लागले.

मग कोणीतरी उचलला. "आमचं झालं हो दुसरीकडे. पुढच्याला द्या."

कारकुनाने बाईंकडे बघितलं. बाईंनी भिंगरीचा अर्ज ओढला आणि त्यावर असा शिक्का हाणला, जणू माझ्याच डोक्यात घालायचा होता.

बाहेर व्हरांड्यात आलो. थोरल्याला आता वाचा फुटली.

"आणि तिसऱ्याने हो म्हटलं असतं तर? हातातली जागा घालवली असतीस तू!"

"तर उद्या दुसऱ्या शाळेत जाऊन भांडले असते. नाहीतर दोन बस बदलून रोज मीच तिला सोडलं असतं."

"तू ना आई, कोणाचं ऐकतच नाहीस."

मी थांबले. खिडकीतून कारकून कान लावून होता. लावू दे म्हटलं.

"आता तू माझं ऐक. मुलगा म्हणून तू चांगला आहेस, नवरा म्हणूनही चालून जाशील. बाप म्हणून अजून कच्चा आहेस. दुसऱ्यांच्या तीन पोरांना ढकलून तुझ्या पोरीला आत घेत होते, आणि तू त्याला उपकार म्हणालास. आजपासून भिंगरीच्या शाळेचं मी बघणार. तू फक्त डबा पोचवायचा."