शेवटपर्यंत कुणी न ऐकलेली एक्केचाळीस मिनिटं

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राला लागून एक करडा संगणक घरघरत असतो. तोच मी. वय झालं आहे, झाकणाचा एक स्क्रूही हरवला आहे. पण मित्रांनो, आज मला म्हातारपणाचं रडगाणं गायचं नाही. आज मला राग आला आहे.

चष्मेवाल्याने मला स्वतःच्या हातांनी जोडलं, तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. त्याला वेड एकाच गोष्टीचं, प्रोग्रेसिव्ह रॉक आणि मेटलचं. म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच ताल बदलणारी, हरवलेली चाल भलत्याच वळणावर परत आणणारी. घरच्यांना तो नुसता गोंगाट वाटे. म्हणून त्याने माझ्या पोटात एक संकेतस्थळ उभारलं आणि देशोदेशीचे तसलेच वेडे तिथे गोळा झाले. प्रत्येक बँडला एक पान, पानावर गाणी, खाली ऐकणाऱ्यांचे अभिप्राय. “बायकोला वाटलं मिक्सर बिघडला,” असं एकाने लिहिलं की खाली चाळीस जण “आमच्याकडेही तेच” म्हणून हजर! एकदा हजारो लोक एकदम आले तरी मी बंद पडलो नाही. तेव्हा चष्मेवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “वाघ आहेस लेका!” ते दिवस गेले. आता माझ्या पंख्यात धूळ आहे आणि माझ्यावर चष्म्यांचे रिकामे डबे.

शेजारच्या गाळ्यात कपडे दुरुस्त करणाऱ्या काकू बसतात. त्यांचा मुलगा ड्रम वाजवायचा. दोन मित्रांबरोबर त्याने एकच अल्बम केला. त्यात गाणंही एकच, एक्केचाळीस मिनिटांचं. पुढच्याच वर्षी तो आजारपणात गेला.

काकूंचा नेम होता. दुपारी शिलाई मशीन झाकून ठेवायचं, माझ्या पडद्यासमोर बसायचं आणि मुलाच्या पानावरचे अभिप्राय वाचायचे. दोनशे बारा होते. कुणी हे गाणं ऐकत परीक्षा काढली होती, कुणी हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी बसून ऐकलं होतं. तो गेल्याचं ठाऊक नसलेल्या एकाने विचारलं होतं, “मित्रा, पुढचा अल्बम कधी?” तिथे आल्या की काकू ती ओळ पुन्हा एकदा वाचत.

संकेतस्थळावर नऊ जणांचं एक पारखी मंडळ आहे. जे खरं प्रोग्रेसिव्ह नाही, ते काढून टाकायचं, पान आणि अभिप्रायांसकट, असा त्यांचा नियम. मागच्या महिन्यात त्यांची नजर या पानावर पडली. एकाने लिहिलं, “सुरुवातीपासून शेवटपर्यंत साधा चार मात्रांचा ठोका. काढा.” शुक्रवारी दुपारपर्यंत मतं द्यायची होती.

काकूंनी वाचलं आणि चष्मेवाल्याला हाक मारली.

“अरे, शेवटपर्यंत म्हणतात हे. ऐकलंय का ह्यांनी?”

“ऐकलं असेल की काकू. जाणकार आहेत सगळे.”

“कसले जाणकार! सव्विसाव्या मिनिटाला ड्रम सात मात्रांवर जातो. गिटार चारावरच राहते. अठ्ठावीस ठोक्यांनी दोघांची गाठ पडते. बटणं मांडून मोजलंय मी.”

“तुम्ही? तुम्हाला तर भांडी पडल्यासारखं वाटतं ना ते?”

“वाटतंच. म्हणून मोजायचं नाही की काय?”

“बरं, बघतो मी,” तो म्हणाला. तेवढ्यात चष्म्याची दांडी मोडलेलं गिऱ्हाईक आलं आणि ते बघणं राहूनच गेलं.

मित्रांनो, कोणी किती ऐकलं याची नोंद माझ्याकडे असते. नऊपैकी चौघांनी ते गाणं उघडलंच नव्हतं. बाकीच्यांतला सगळ्यांत धीराचा जो होता, तो अकराव्या मिनिटाला उठला. आणि मतं? नऊच्या नऊ, “काढा”! मला एकदा विचारायचं तरी होतं. शुक्रवारी दुपारी हुकूम आला आणि माझ्याच हातून ते पान पुसलं गेलं. मी यंत्र. मला नाही म्हणता येत नाही. त्यांना येत होतं!

काकू नेहमीच्या वेळी आल्या, कोरा पडदा बघितला आणि तशाच परत आपल्या मशीनवर जाऊन बसल्या. ते बघून चष्मेवाला हादरला. त्याने माझ्या नोंदी उघडल्या, मिनिटांचे आकडे वाचले आणि त्याचे कान लाल झाले. काकूंकडची सीडी आणून त्याने गाणं पुन्हा चढवलं आणि नऊ जणांना ते पुरतं ऐकायला लावलं. सहा जणांनी चूक कबूल केली. एकाने तर लिहिलं, “सव्विसाव्या मिनिटाला अंगावर काटा आला!” त्या काट्याचा मला फार राग येतो. आधी कुठे गेला होता तो?

“काकू, पान परत आणलं बघा,” चष्मेवाला म्हणाला.

काकूंनी चष्मा लावला. वर मुलाचं नाव होतं. खाली सगळं पांढरं.

“आणि ती मुलं? इतकी लिहीत होती ती?”

चष्मेवाला फडक्याने स्वच्छच असलेली काच पुसत राहिला. माझ्यातल्या मजकुराची नक्कल ठेवणारी डिस्क दोन वर्षांपूर्वी जळाली होती. नवी आणू, आणू, म्हणत तो राहिला होता.

“लिहितील पुन्हा,” तो कसाबसा म्हणाला.

“तो पुढचा अल्बम विचारणारा? तो विचारेल पुन्हा?”



मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या. आमच्या पोटात नुसता विजेचा खेळ नसतो, कुणाची तरी माणसं राहत असतात. आणि एखादं गाणं नाही आवडलं, तर खुशाल उठून जा. तो तुमचा हक्कच आहे. पण जाता जाता दुसऱ्याचं घर पाडून जाऊ नका.