परत आलेला जिताडा

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हो, मासळीची! डोंगरातल्या बांबूतून एका बुरडीण आजीने मला विणले आणि पनवेलच्या कोळीवाड्यातल्या सोनाबाईने डोक्यावर घेतले. मला चुंबळीवर ठेवताना ती गुणगुणायची,

"बांबू रानाचा गं बाई, रान सोडून आला,
खाडीच्या लेकीचा, डोईवरला भाऊ झाला."

भाऊ म्हटल्यावर बहिणीचे ओझे वाहायलाच हवे. तिचा नवरा कमळाकर खाडीतून बोय, कोळंबी, चिंबोऱ्या आणी, ते सारे मी बाजारात नेई. "सोनाबाईची पाटी म्हणजे ताजी मासळी," असे गिऱ्हाईक म्हणाले, की माझी काडी न् काडी फुलायची.

एकदा खाडीलगतच्या एका बांधकामावरून तांब्याची तार चोरीला गेली. कमळाकर चिंबोऱ्या धरून त्याच वाटेने येत होता. पोलिसांनी त्याला गाडीत बसवले. का, ते सांगितले नाही. घरी कळवले नाही. शोधत शोधत सोनाबाई पोलीस ठाण्याच्या फाटकाशी पोहोचली, तर "चौकशी चालू आहे" एवढेच उत्तर. चौथ्या दिवशी कमळाकर घरी आला. ना गुन्हा नोंदला, ना न्यायाधीशांपुढे उभे केले. "जा घरी," म्हणाले, झाले!

सोनाबाईला आभाळ ठेंगणे झाले. तिने शेजारून हातभर लांब जिताडा मासा मिळवला. आमच्याकडे मोठ्या माणसाचा मान करायचा, तर जिताड्यानेच. केळीच्या पानात गुंडाळून तो माझ्यात ठेवला आणि ती लगबगीने ठाण्याकडे निघाली. वाटेत कोर्टाच्या दाराशी स्नेहल वकील भेटली, तिचे नेहमीचे गिऱ्हाईक.

"मावशी, केवढा जिताडा! कितीला देता?"

"इकायचा नाय, ताई. सायबांना हाय. त्यांनी माज्या मानसाला सोरला ना!"

स्नेहलने सगळी हकिगत ऐकून घेतली. मग हळूच म्हणाली, "मावशी, तुमचंच माणूस तुम्हाला परत दिलं. त्याचे उपकार कसले?"

सोनाबाई थबकली. जिताडा एकाएकी मला जड लागू लागला.

"धरलं तर का धरलं, ते सांगावं लागतं," स्नेहल म्हणाली. "घरी कळवावं लागतं. वकिलाला भेटू द्यावं लागतं. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे न्यावं लागतं. यातलं काय झालं?"

"तुमी कनच्या देशाच्या गोष्टी सांगता, ताई?"

"याच. पैसे नसतील तर वकीलही फुकट मिळतो. आणि झाल्या अन्यायाची भरपाई मागता येते."

सोनाबाई मागे फिरली. दारात कमळाकर म्हणाला, "आगो, जिताडा परत का आनलास?"

"आपलाच होता," ती म्हणाली. "आज आपन खाऊ."

पण दावा करायला कमळाकर तयार होईना. "पान्यात राहून माशाशी वैर नको." होडीतला भागीदार भगवान त्याला टाळू लागला. कमळाकर घरीच बसला, आणि मी चुलीमागे पालथी पडले. माझी एक काडी तडकली. माझ्यावर धूळ बसली, त्याच्या नावावर डाग. कुणी झटकायचा?

एके दिवशी त्याची नात समृद्धी शाळेतून रडत आली. "आजोबा, मला चोराची नात म्हणतात."

कमळाकर उठला. सदरा चढवत म्हणाला, "चल गो सोने, वकीलबाईकडं."

प्रकरण हायकोर्टात गेले. तारखांवर तारखा पडल्या, पण निकाल लागला. अटक बेकायदेशीर होती, सरकारने भरपाई द्यावी. स्नेहलने तो वाचून दाखवला. भरपाईचा आकडा आला, पण कमळाकरचे लक्ष तिकडे नव्हतेच.

"ताई, ते माज्या नावाचं वाक्य पुन्ना वाचा."

"कमळाकर यांना कोणत्याही कारणाविना डांबून ठेवण्यात आले."

तेच वाक्य त्याने समृद्धीकडून देवळापुढे, साऱ्या कोळीवाड्यादेखत वाचून घेतले. पोरगी ठसक्यात वाचत होती. भगवान डोके खाजवत पुढे आला.

"सकाली होडीवर ये रं. भरती कोनासाठी थांबत नाय."

त्या संध्याकाळी कमळाकरने जाळ्याच्या दोरीने माझी तडकलेली काडी बांधली. हल्ली बाजारात प्लॅस्टिकचे टब आलेत. तरी सोनाबाई मलाच नेते.

परवा तिथे एक हवालदार आला. "सोनाबाई, ठाण्यातून आलोय. तो जिताडा दे."

पूर्वी तिने तो भीतीने फुकट दिला असता. आता तिने तो माझ्यातून उचलून पुढे धरला.

"घ्या ना, दादा. ताजा हाय. भाव सगल्यांना एकच!"

तो हसला आणि त्याने मुकाट्याने पैसे मोजले.

मित्रांनो, बांबूची पाटी अडगळीत टाकली, की तिला वाळवी लागते. रोज वापरली, तर ती पिढ्या वाहते. हक्कांचेही तसेच आहे. म्हणून घरातल्या जुन्या पाटीला अधूनमधून ऊन दाखवा. आणि कुणाच्या माणसाला कारणाशिवाय नेले, तर भीत भीत का होईना, "का?" एवढे विचारा. आमच्या घरचा जिताडा अशाच एका साध्या प्रश्नाने परत आला.