बाराव्या खिळ्यावरच्या बाई

शिक्षक निवृत्त झाला की त्याच दिवशी त्याचं लॅमिनेशन करायचं, ही त्या हायस्कूलची जुनी पद्धत. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मग भिंत. स्टाफरूमच्या भिंतीवर अकरा जण होते. दर शनिवारी त्यांना ओल्या फडक्यानं पुसत.

इंग्रजीच्या अनसूया ढोबळे बाईंचा नंबर बुधवारी दुपारी चारला होता. अडचण एवढीच, की दहावी ‘ब’चा धडा अर्धा राहिला होता.

“क्रियापद नामाच्या आधी येऊन बसलं, की विशेषण होतं,” असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. “ब्रोकन खुर्ची. मोडून झाली, विषय संपला.” ‘इंग’वाली विशेषणं राहिली आणि घंटा झाली.

“उद्याचा एक तास द्या, सर,” त्या मुख्याध्यापक घोरपड्यांना म्हणाल्या.

“बाई, मंडपवाला आजच सामान नेणार. आणि पोहे भिजवलेत.”

मानपत्र इंग्रजीत होतं, खास बाईंसाठी. सरांनी स्टाफरूममध्ये घसा खाकरून वाचायला घेतलं. “डेडिकेटेड,” ते म्हणाले, आणि बाईंचे पाय गुडघ्यापर्यंत चपटे झाले. “एक्सपीरियन्स्ड.” कंबर गेली; निऱ्या छापल्यासारख्या दिसू लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“घाबरू नका हो,” भिंतीवरून गणिताचे तांबोळी सर म्हणाले. “आधी गुदगुल्या होतात. मग काहीच होत नाही.”

“तेच तर नकोय मला!”

“रिस्पेक्टेड.” डावा खांदा गेला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “यातला एक तरी शब्द अजून चालू आहे का? सगळे आपले करून झालेले!” खिडकीबाहेर दहावी ‘ब’ पोह्यांची वाट बघत उभी होती. बाई तिकडे वळल्या, जेवढं वळता आलं तेवढं. “वह्या काढा. बर्निंग घर. जळून झालेलं नाही, अजून जळतंय. आत माणसं आहेत. काय करायचं?”

“पळायचं, बाई!”

“कुठं?”

मग मुबीना मुजावर म्हणाली, “आत, बाई.”

“लिहून घ्या.”

“रिटायर्ड!” सर घाईघाईनं ओरडले.

बाईंना उचलून बाराव्या खिळ्याला लावलं. काम नीट झालं होतं. फक्त उजवा हात कोपरापासून प्लॅस्टिकच्या बाहेर राहिला होता. जाडजूड, गरम, बोटांत खडू.

“बाई, हात आत घ्या,” सर म्हणाले. “पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.”

हातानं शेजारची मोकळी भिंत चाचपली आणि लिहायला सुरुवात केली. रनिंग. बॉइलिंग. टीचिंग. दहावी ‘ब’ एकेक करून आत आली आणि पोह्यांच्या टेबलांवर वह्या पसरून बसली. सरांनी ओलं फडकं मागवलं. त्यांनी पुसलं की हात पुन्हा लिहायचा, मोठ्या अक्षरात.

“तांबोळी सर, तुम्ही तरी सांगा यांना,” घोरपडे म्हणाले.

तांबोळी सरांच्या प्लॅस्टिकला उजव्या बाजूनं, आतून, मुठीएवढा फुगा येऊ लागला होता.