सतरा नंबरचा उंदीर

सतरा नंबरचा उंदीर मिनलला चावला तेव्हा टाचणी टोचावी तेवढंच दुखलं. ती त्याच्या शेपटीतून रक्ताचा थेंब घेत होती. थेंब हातमोज्यावर सांडला, उंदीर गर्रकन वळला आणि नेमका त्या रक्तातूनच त्याचा दात तिच्या डाव्या तर्जनीत शिरला. एकावर एक दोन हातमोजे होते. दोन्ही फाटले.

तिनं उंदराला पिंजऱ्यात सोडलं, झाकण लावलं, कडी ओढून पाहिली. मग समोर उभ्या असलेल्या गौरांगला म्हणाली, "चावला रे."

गौरांग दीड वर्षापासून तिच्या हाताखाली काम करत होता. अंगभर संरक्षक सूटच्या काचेमागे त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चला ताई, आधी बाहेर चला."

पण त्या खोलीतून धावत बाहेर पडता येत नाही. सूटसकट जंतुनाशक फवाऱ्याखाली सहा मिनिटं उभं राहिल्याशिवाय पुढचं दार उघडतच नाही. मिनल उभी राहिली. हातमोज्याच्या आत बोट ओलं झालं होतं, घामानं की रक्तानं ते कळायला मार्ग नव्हता. जनावरांची डॉक्टर होऊन तिला बारा वर्षं झाली होती. गायींच्या लाथा खाल्ल्या होत्या, कुत्रे चावले होते. पण सहा मिनिटं इतकी लांब असतात हे तिला त्या दिवशी कळलं.

ती ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथे काँगो तापावरची एक लस तपासली जात होती. गुराढोरांच्या गोचिडांतून माणसाला होणारा हा ताप. नाकातून, हिरड्यांतून, आतड्यांतून रक्त जातं आणि दहातली तीन-चार माणसं वाचत नाहीत. साध्या उंदराला तो होत नाही. म्हणून विषाणूशी लढणारी पहिली फळीच ज्यांच्या अंगात नाही असे खास उंदीर आणले होते. त्यांचा आजार माणसासारखाच चालतो, फक्त घाईत. चौथ्या-पाचव्या दिवशी खेळ खलास. चार पिंजरे, प्रत्येकात सहा उंदीर. दोन पिंजऱ्यांना लस टोचली होती, उरलेल्या दोघांना नुसतं मिठाचं पाणी, आणि चाव्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनाच विषाणू. कोणता पिंजरा कशाचा हे काम करणाऱ्यांना माहीत नव्हतं. ते एका बंद लिफाफ्यात होतं आणि लिफाफा प्रयोगशाळेचे प्रमुख शरच्चंद्र सर यांच्या कपाटात.

मिनलनं नळाखाली पंधरा मिनिटं बोट धुतलं. नखाच्या बाजूला बारीक लाल ठिपका होता, बस्स. तोवर शरच्चंद्र सर धावत आले होते. चौदा दिवस वेगळ्या खोलीत राहायचं, दिवसातून चार वेळा ताप मोजायचा, विषाणूविरोधी गोळ्या आजपासूनच सुरू. हे सगळं तिला पाठ होतं. वर्षातून दोनदा नव्या लोकांना ती स्वतःच तर शिकवायची.

"लिफाफा उघडायचा का?" सरांनी विचारलं. "नियमानं तुम्हाला तो हक्क आहे."

"उघडला तर उपचार बदलेल?"

"नाही. गोळ्या त्याच."

"आणि प्रयोग?"

सर म्हणाले, "पिंजरा कशाचा ते कळलं की प्रयोगात अर्थ राहत नाही. पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे पुन्हा चोवीस उंदीर. मिनल नाही म्हणाली.

संध्याकाळी तिचा नवरा जितेंद्र बुटीबोरीच्या कारखान्यातून तडक तिकडेच आला. काचेपलीकडे उभा राहून फोनवर बोलू लागला आणि लिफाफ्याचं ऐकताच भडकला.

"काहून नाही म्हटलं वं तू? त्या उंदरात बिमारी हाय का नाही, एवढं तं समजू दे!"

"समजून काय करणार तुम्ही?"

"झोप तरी लागंन मले."

"अन् वाईट निघालं तं?"

जितेंद्र काचेवर डोकं टेकवून म्हणाला, "चिन्मयी विचारून राहिली, आई कुठं गेली म्हणून. काय सांगू तिले?"

"ट्रेनिंगले गेली म्हणा," मिनल म्हणाली. चार वर्षांच्या पोरीशी इतकं धडधडीत खोटं ती पहिल्यांदाच बोलत होती, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

लिफाफा बंद राहिला, पण सतरा नंबर जिवंत होता आणि तोच सगळं सांगणार होता. रोज अकरा वाजता उंदरांची वजनं होत. लगेच गौरांगचा फोन येई. पहिला दिवस ठीक गेला. दुसरा दिवसही. तिसऱ्या दिवशी फोन वीस मिनिटं उशिरा आला.

"सतरा?" तिनं विचारलं.

"बरा आहे, ताई."

"वजन?"

"वीस ग्रॅम."

गौरांग आकडा कधी असा मोघम सांगत नसे. तिनं विचारलं, "वीस पॉइंट किती?"

"अठरा पॉइंट दोन," तो म्हणाला. "त्या पिंजऱ्यातले सहाही उतरलेत. केस विस्कटलेत, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेत. मला सांगवेना, ताई."

चावला त्या दिवशी तिनंच त्याला तोललं होतं. एकवीस पॉइंट चार. पाचवा हिस्सा वजन गेलं की जनावराला आणखी हाल न होऊ देता झोपवायचं, हा नियम. दुसऱ्या दिवशी सतरा नंबर सोळा पॉइंट नऊ भरला.

"तूच केलंस?"

"हो."

"तडफडला?"

"नाही. हातातच झोपला."

मिनलनं फोन ठेवला आणि ती रडली. उंदरासाठी की स्वतःसाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आता लिफाफ्याची गरज उरली नव्हती. ज्याचं रक्त तिच्या बोटात गेलं, तो विषाणूनं भरलेला होता.

सहाव्या दिवशी दुपारी तिला थंडी वाजली. थर्मामीटरनं एकशे एक दाखवला. तिनं तो झटकून पुन्हा लावला. एकशे एक पॉइंट दोन. डोळ्यांमागे ठणकत होतं, कंबर मोडून आली होती. काँगो ताप अगदी असाच सुरू होतो.

पांढऱ्या सूटमधली माणसं आली, रक्त घेऊन गेली. संध्याकाळी सर काचेपाशी आले. "काँगो निगेटिव्ह."

मिनल हसली नाही. "पहिल्या दिवशी निगेटिव्ह येऊ शकतो, सर."

"येऊ शकतो," सर म्हणाले. तिच्याशी खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता. "अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा करू."

ते अठ्ठेचाळीस तास तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. प्लेटलेट दीड लाखावरून नव्वद हजारांवर आल्या, मग बासष्ट हजारांवर. सकाळी दात घासताना थुंकी गुलाबी दिसली. ती बेसिनपाशी खिळून राहिली. उंदरांचं काय होतं हे तिनं शेकडो वेळा वहीत लिहिलं होतं: पहिला दिवस सुस्ती, दुसरा खाणं बंद, तिसरा रक्तस्राव. त्याच ओळींत ती आता स्वतःला बसवत होती. जितेंद्र कामावर गेलाच नाही. काचेपलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. लिफाफ्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दुसरा निकाल आला तेव्हा सर जवळजवळ धावतच आले. "काँगो निगेटिव्ह! आणि डेंग्यू पॉझिटिव्ह आहे. ऐकलंत का? डेंग्यू!"

मिनल राहायची त्या बेसा भागात, त्यांच्या इमारतीशेजारी नवं बांधकाम चाललं होतं आणि खड्ड्यांत महिनाभर पाणी साचलेलं होतं. गल्लीत चार घरी डेंग्यू झाला होता. उंदीर चावायच्या आधीच तो मिनलच्या अंगात शिरला असावा.

"डेंग्यू झाला म्हणून देवाले हात जोडणारा मीच पहिला असंन," जितेंद्र म्हणाला आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला.

डेंग्यूनंही तिला चांगलंच लोळवलं. पण प्लेटलेट वर चढल्या, चौदा दिवस पुरे झाले, आणखी एक निगेटिव्ह आला आणि ती घरी गेली. त्या इवल्या जखमेतून विषाणू शिरलाच नाही, की गोळ्यांनी त्याला आतच मारलं, हे कोणालाही सांगता आलं नाही.

सव्वा महिन्यानं सगळ्यांसमोर लिफाफा उघडला. तिसरा पिंजरा, ज्यात सतरा नंबर होता, तो मिठाच्या पाण्याचाच निघाला. लस दिलेल्या बारा उंदरांपैकी अकरा जगले होते. टाळ्या झाल्या. मिनलनंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती सूट चढवून प्राणीकक्षात गेली. नवे उंदीर आले होते. गौरांगनं पिंजरा पुढे सरकवला. तिनं हात उचलला आणि तो झाकणावरच थांबला. तिनं बोटं आवळली, सोडली, पुन्हा आवळली. हात पुढे जाईना.

"गौरांग," ती म्हणाली, "आज तू धर. मी वजनं लिहिते."

त्यानं पहिला उंदीर अलगद उचलून काट्यावर ठेवला आणि आकडा पॉइंटसकट वाचला. मिनलनं तो लिहून घेतला.