दोनदा न फुटलेले भांडे

मित्रांनो, मी एक जुने, झाकणाचे, चिनी मातीचे भांडे आहे. सूप वाढण्यासाठी मला घडवले, पण सुपाचा एक थेंबही कधी माझ्या पोटात गेला नाही. मातान्सास या बंदराच्या शहरातल्या एउलोहियाबाईंनी मला घरी आणले आणि माझ्यात समुद्राची देवी येमाया बसवली: सात काळे दगड आणि खारे पाणी. बाईंच्या पणजीला गुलाम म्हणून साखळदंडात बांधून समुद्रापलीकडून आणले होते. तिच्याजवळ या देवीच्या नावाखेरीज काहीच उरले नव्हते. ते नाव माझ्या झाकणाखाली राहिले.

माझा थाट मोठा होता. अंगावर निळे रेशमी कापड, पुढ्यात कलिंगड आणि काकवी. बाईंची एकुलती लेक इदाल्मिस लहानपणी माझे झाकण उघडू बघायची आणि हातावर चापट खायची.

हीच इदाल्मिस पुढे माद्रिदला गेली. सुटलेले घर आणि देव आठवून ती लोकांपुढे, कॅमेऱ्यापुढे प्रयोग करू लागली. एकदा बाईंच्या भाच्याने तिचा व्हिडिओ आणला. बाई कौतुकाने टीव्हीपुढे बसल्या. पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतली इदाल्मिस होती, हातात हुबेहूब माझ्यासारखे भांडे. तिने ते डोक्यावर उचलले आणि फरशीवर आपटले. बाईंच्या हातातली कॉफी सांडली. आमच्यात भक्ताचे भांडे फोडतात ते तो मेल्यावरच.

बाईंनी फोन लावला. "मी जिवंत आहे ना गं?"

"आई, ते बाजारातलं भांडं होतं. खोटं."

"भांडं खोटं. फुटलं ते तर खरंच ना? मग लोकांनी काय केलं?"

"टाळ्या वाजवल्या."

"माझ्या मयताला टाळ्या. रडायला कुणी मिळालं नाही वाटतं?"

पुढच्या वर्षी बाई गेल्या. त्यांचे हृदय कमजोर होते, डॉक्टर कधीपासून सांगत होते. पण ते इदाल्मिसला कोण पटवणार? ती आली ती अपराध्यासारखीच आली.

म्हाताऱ्या पुरोहिताने, फाउस्तिनोने, कवड्या टाकून माझ्याबद्दल कौल मागितला. घरात राहणार की बाईंबरोबर जाणार? कवड्या म्हणाल्या, जाणार. त्याने दगड समुद्रात सोडायला काढून घेतले.

"भांडं मी फोडते," इदाल्मिस म्हणाली.

"जमेल का पोरी?"

"सवय आहे मला."

ती मला घेऊन मागच्या अंगणात गेली. खळ्ळकन आवाज झाला, आत बायका रडल्या. मित्रांनो, फुटला तो स्वयंपाकघरातला भाताचा चिनी मातीचा वाडगा होता. मी तिच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत होते. मला ओरडून सांगावेसे वाटले, पण भांड्याला कुठला आवाज?

आज मी माद्रिदमध्ये काचेच्या पेटीत आहे. माणसे येतात, वाकून बघतात, किती जपलंय म्हणतात. माझ्या पोटात दगड नाहीत, पाणी नाही. मला फार लाज वाटते.

इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मला तसे म्हणवत नाही. दर शनिवारी इदाल्मिस पेटी उघडते, मला पुसते आणि पुटपुटते, "आई, एवढ्यात नको जाऊस." तिला कुणीतरी जवळ बसवून समजावा. तिच्या आईला जायचे आहे. मला फोडा, आणि तेव्हा कॅमेरा बंद ठेवा.