साडेतीन तासांचं कंपाईल

ताईने नवा प्रोग्रॅम पाठवला आणि धाकट्या भावाच्या रोपवाटिकेतले फवारे बंद पडले.

फवारे चालवणारा तळहाताएवढा लिनक्सचा बोर्ड, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटरच, तिनेच हौसेने बसवून दिला होता. त्याचा जीव तो केवढा, म्हणून त्याच्यासाठीचा प्रोग्रॅम ती ऑफिसातल्या दांडग्या मशीनवर तयार करायची आणि तयार फाइल पाठवून द्यायची. लिहिलेल्या कोडपासून चालणारी फाइल बनवणं म्हणजे कंपाईल, आणि ती एका मशीनवर दुसऱ्यासाठी बनवणं म्हणजे क्रॉस-कंपाईल. दोन मिनिटांत काम फत्ते. या खेपेला मात्र बोर्डाने फाइल सुरूच केली नाही. प्रोग्रॅमला ज्यांचा आधार लागतो त्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे साठे, ऑफिसच्या मशीनवर गेल्या आठवड्यात नव्या झाल्या होत्या, बोर्डावर जुन्याच राहिल्या होत्या; नव्यांवर बेतलेली फाइल तिथे चालेना. त्यात भर म्हणजे आधीचा चालता प्रोग्रॅम ताईने घाईत पुसून टाकलेला.

सुट्टीमुळे ऑफिसला कुलूप होतं. लॅपटॉप घेऊन ती थेट रोपवाटिकेत पोचली. धाकटा हाताने व्हॉल्व्ह उघडत होता.

"तुझा बोर्ड रुसलाय," तो म्हणाला.

"त्याला बोल लावू नकोस. मीच माती खाल्ली. आता इथे, बोर्डावरच कंपाईल करते. स्वतःच्याच लायब्रऱ्या वापरेल, म्हणजे तंटा नाही. वेळ लागेल एवढंच."

"किती?"

"जेवणापर्यंत होईल," तिने ठोकून दिलं.

वीस मिनिटांत कंपाईल मधेच मेलं. तिने एकदम चार फाइली लावल्या होत्या, बोर्डाची मेमरी पुरली नाही. मग मेमरीच्या मदतीला बोर्डात बसवलेल्या कार्डावरची थोडी जागा दिली आणि एका वेळी एकच फाइल घ्यायला लावली. स्क्रीनवरच्या ओळी गोगलगाईसारख्या सरकू लागल्या.

धाकट्याने टोमॅटोच्या रोपांचा ट्रे तिच्यापुढे सरकवला. "टक लावून बघितल्याने लवकर होणारे का? पिशव्या भर."

ती भरू लागली.

"मुळं दाबू नकोस गं. अलगद."

"लहानपणी मी तुला लिहायला शिकवलंय, विसरू नकोस."

"म्हणूनच माझं अक्षर असं आहे."

दर पंधरा मिनिटांनी तो व्हॉल्व्ह उघडायला उठे आणि परत येऊन बसे. दोन वर्षं त्यांचं बोलणं फोनवर, तेही बोर्डापुरतंच झालं होतं. तिसऱ्या ट्रेच्या वेळी तो मान वर न करता म्हणाला, "तुझ्या भावजयीला हल्ली कसलेच वास सहन होत नाहीत. तिसरा महिना लागलाय. फोनवर सांगायचं नव्हतं."

ताईच्या हातातलं रोप तसंच राहिलं. मग तिने मातीच्या हातानेच त्याचा कान ओढला. "आणि मला पिशव्या भरायला बसवतोस?"

"आत्या झालीस म्हणून काम चुकतं का?"

जेवण झालं, भावजयीला भेटून झालं, तरी ओळी सरकतच होत्या. साडेतीन तासांनी कंपाईल संपलं. ताईने प्रोग्रॅम सुरू केला. छपराखालच्या नळ्या फुरफुरल्या आणि रोपांवर बारीक धुकं उतरलं. धाकटा व्हॉल्व्हचा पाना खुंटीला अडकवून मोकळा झाला.

निघताना तिने बोर्डावरच्या लायब्रऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनला त्याच वापरायला लावल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा दोन मिनिटांत तयार झाला. तो पाठवण्याआधी या वेळी तिने बोर्डावरचा जुना नीट जपून ठेवला.

"चालला," धाकट्याचा फोन आला. "आता काय, तुला यायची गरजच नाही."

"रविवारी येते," ताई म्हणाली. "काम काही नाही. अशीच."